बासचा डबा, मरळीचं पाणी: परदेशी टॅकलमधलं आपल्याला काय लागतं?

नमस्कार मंडळी! टेबलावर जे मांडलंय ते सगळं बास नावाच्या माशासाठी बनलेलं सामान आहे. आणि हा मासा आपल्या मलप्रभेत नाही, घटप्रभेत नाही, दूधगंगेत नाही. तरी खानापूरपासून निपाणी-सदलग्यापर्यंत पोरं ऑनलाइन हाच माल मागवतात, कारण बघायचे व्हिडिओ अमेरिकेतले नाहीतर जपानमधले. मग तळ्यावर जायचं, पहिल्याच फेकीत तीन-तीन गळांचं आमिष जलपर्णीत अडकवायचं, आणि घरी येऊन मला मेसेज टाकायचा: "दादा, रॉड फालतू लागला."

रॉडला कशाला शिव्या देताय? त्या रॉडला, त्या आमिषाला वेगळं पाणी पाहिजे होतं. तर आज एवढंच बघू. बासच्या डब्यातलं आपल्या मरळीला काय चालतं, काय चालत नाही, आणि का.

आधी बासबद्दल दोन शब्द, म्हणजे हा बाजार एवढा का फुगलाय ते कळेल. लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं 22 पौंड 4 औंसाचा बास काढला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, तेही जपानमध्ये: बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी दहा किलोच्या वरचा धरला. मधल्या काळात, 1968 ला, रे स्कॉट यांनी अमेरिकेत बास धरणाऱ्यांची संघटना काढली. स्पर्धा आल्या, बक्षिसं आली, बक्षिसांच्या मागोमाग कंपन्या आल्या. स्पर्धेत उतरणारा माणूस एका होडीवर दहा रॉड लावून जातो, कारण दिवसभरात त्याला पाच मीटर खोल पाण्यापासून गवतापर्यंत सगळीकडे टाकायचं असतं. आपण बांधावर उभे राहणार. आपल्याला दहा रॉड काय करायचेत?

आता मुद्द्याचं. बास आणि मरळ दोघंही दबा धरून बसणारे. पळून पळून शिकार करायची नाही. गवताच्या कडेला, सावलीला, बुडालेल्या खोडापाशी गप्प राहायचं आणि टप्प्यात आलं की झडप घालायची. म्हणून बासचं गवतातलं सामान मरळीला थेट लागू पडतं. पण मरळीची एक गोष्ट बासकडे नाही. मरळ वर येऊन हवा घेते, आणि ते तिला घ्यावंच लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी आटून, गढूळ होऊन, बाकीचे मासे मरणाला टेकले तरी मरळ तिथं मजेत असते. तळ्यावर गेल्या गेल्या आमिष फेकू नका. दहा मिनिटं पाण्याकडे बघत बसा. गवताच्या फटीत "पुळुक" झालं, एक वलय उठलं, की तिथं मरळ आहे. बासवाल्याला त्यासाठी होडीवर मासा शोधायचं स्क्रीनवालं मशिन लागतं. आपल्याला ती स्वतः पत्ता देते.

आता सामान. रॉडपासून सुरू करू.

[रॉड कॅमेऱ्याजवळ]

हे हँडलच्या वर बारीक अक्षरात छापलंय ते वाचायची सवय लावा. दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, पॉवर आणि अ‍ॅक्शन, आणि दुकानदारसुद्धा यांची सरमिसळ करतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला जोर किती लागतो: लाइट, मिडियम, मिडियम हेवी, हेवी. अ‍ॅक्शन म्हणजे ती वाकते कुठं. फास्ट असेल तर फक्त शेंडा वाकतो, स्लो असेल तर पार मुठीपर्यंत. मरळीला मिडियम हेवी किंवा हेवी, फास्ट अ‍ॅक्शन, साडेसहा ते सात फूट. कारण गळ लागल्यावर मरळ सरळ जलपर्णीच्या मुळांत घुसते. तिला तिथं पोचू द्यायचं नाही, आणि मऊ काठीनं ते होत नाही. चिलापीसाठी घेतलेला लाइट रॉड असेल तर तो चिलापीलाच ठेवा. त्याच्या खाली आमिषाचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. 10 ते 30 ग्रॅमच्या आसपासचं घ्या, बेडूक, म्हणजे बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष, आरामात फेकता येतो.

दोरा. आपल्याकडे सगळे तंगूस म्हणतात, नायलॉनचा. स्वस्त आहे, मजबूत आहे, पण ताणतो. वीस मीटरवर मासा असताना तुम्ही हिसका दिलात तर त्यातला बराचसा हिसका दोऱ्याच्या ताणातच जिरतो, गळापर्यंत जातच नाही. म्हणून गवतात विणलेला दोरा, ब्रेड. 40 पौंडाचा, म्हणजे साधारण अठरा किलो तोलणारा ब्रेड जाडीला दहा-बारा पौंडाच्या तंगूसाएवढाच असतो. तो जवळजवळ ताणत नाही, पाण्यावर तरंगतो आणि कमळाचे देठ कापत येतो. फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहज न दिसणाऱ्या दोऱ्याचा, लीडर (आमिषाच्या पुढचा छोटा तुकडा) जोडायचा का, असं सारखं विचारतात. बेडकाला नको. फ्लुरोकार्बन बुडतो, बेडकाचं नाक खाली ओढतो. गवताच्या छतावरून जाणारा दोरा मरळीला दिसला काय न दिसला काय, सारखंच. स्वच्छ, उघड्या पाण्यात खाली आमिष सोडताय, तेव्हा फ्लुरोकार्बन जरूर लावा.

रीलबद्दल भांडणं होतात, म्हणून सरळ सांगतो. पहिला रील स्पिनिंगच घ्या, 3000 च्या साइजचा. बेटकास्टिंग दिसायला भारी, जोरही भारी, पण त्यात दोऱ्याची रिळच फिरते. आमिष हवेत मंदावलं आणि रिळ फिरतच राहिली की दोरा आत फुगतो आणि असा गुंता होतो की संध्याकाळ सोडवण्यात जाते. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी दाखवतो.

[क्लोजअप: रील आणि अंगठा]

बेडूक बांधलाय. रॉड समोर आडवा धरला. बटण दाबलं, अंगठा उचलला. बेडूक खाली कसा जातोय बघा... धपकन गेला. म्हणजे ताण कमी आहे. हँडलजवळची ही छोटी टोपी थोडी आवळतो. परत. आता सावकाश उतरतोय, आणि जमिनीला टेकला की रिळ तिथंच थांबली. हे जमलं की निम्मं काम झालं. दुसऱ्या बाजूला आकड्यांची चकती असते, तो ब्रेक. शिकताना जास्तीवर ठेवा, हात बसेल तसा कमी करा. आणि आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा रिळीवर हलकेच दाबायचा. घराच्या अंगणात, गावच्या माळावर सराव करा. बेडकाच्या वजनाचं शिसं बांधा, पुढं बादली ठेवा आणि टाकत बसा. लोक हसतील. बेळगावात तर कोणीतरी थांबून विचारणारच, "काय रे, बादलीत मासं धरूलैस?"

रीलवर 7.1:1 असं काही लिहिलेलं असतं, ते गिअर. हँडल एकदा फिरलं की रिळ सात वेळा. सैल दोरा पटकन गोळा करायचा असल्यानं बेडकाला हा वेगवान बरा.

आता आमिष, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

[बेडूक हातात]

हा पोकळ बेडूक. आपल्या शिवारातली जुनी माणसं लांब बांबूला जिवंत बेडूक लावून मरळ धरत आलीत. हा त्याच युक्तीचा रबरी अवतार. खाली बघा: जोड गळ आहे, आणि दोन्ही टोकं पाठीला चिकटून वर. गवतावरून ओढला तरी टोक कशात अडकत नाही. माशानं तोंडात दाबला की रबर पिचकतं... असं... आणि टोकं बाहेर येतात. विकत घेताना हेच करून बघा. दोन बोटांनी दाबा. रबर कडक असेल, टोकं बाहेर आली नाहीत, तर तो बेडूक शोकेसमध्ये ठेवायचा. नवीन असेल तर पक्कडीनं दोन्ही गळ किंचित बाहेर वाकवा, अगदी थोडे. पोटाकडं जिथून गळाची दांडी बाहेर येते, तिथून पाणी शिरतं. चार-पाच फेकींनंतर बेडूक जड वाटला की पिळून काढा, नाहीतर मागचा भाग बुडतो आणि तो पोहणं सोडून लोळायला लागतो.

चालवायचा कसा? गवतावर सावकाश, छोटे झटके, आणि मधे मोकळ्या पाण्याची खिडकी आली की थांब. तिथं थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. जागच्या जागी शेंडा हलवायचा, बेडूक थरथरला पाहिजे, पुढं सरकायला नको. गवत हलत हलत मागून येताना दिसलं तर हात आवरा. वेग वाढवू नका.

मग फटाका फुटल्यासारखं पाणी उडतं. आणि इथंच निम्म्या मरळी सुटतात, कारण आवाज ऐकून माणूस दचकतो आणि लगेच रॉड ओढतो. बेडूक अजून तिच्या ओठावर असतो. शेंडा खाली करा, दोऱ्यात वजन येऊ द्या, आणि मगच पूर्ण ताकदीनं वर. डोळ्यांवर जाऊ नका, हाताला काय जाणवतंय त्यावर जा. हुकली तर तिथं लगेच दुसरं आमिष टाका: मऊ प्लॅस्टिकचा किडा, टेक्सास रिगवर. यात गळाचं टोक किड्याच्या अंगातच लपवलेलं असतं, पुढं बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं सरकतं. बेडूक जिथं हुकला तिथं हा सावकाश खाली उतरला की तीच मरळ पुष्कळदा परत घेते.

आणि बाकीचा डबा? क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराची कडक आमिषं, दोन-दोन तीन-काटी गळांची, रंग सुंदर. आपल्या गवताळ तळ्यात ती आत जातात, बाहेर येत नाहीत. हिडकलसारख्या मोठ्या धरणाच्या खडकाळ, उघड्या काठाला त्यांना काम आहे. म्हणून म्हणतो, आधी पाणी बघा, मग डबा उघडा.

मासा हातात आल्यावर. बासच्या व्हिडिओत माणूस अंगठा सरळ तोंडात घालून खालचा ओठ धरतो आणि फोटो काढतो. बासचे दात पॉलिश पेपरसारखे बारीक, त्याला चालतं. मरळीच्या तोंडात अंगठा घालू नका! तिला सुळ्यासारखे दात आहेत आणि जबडा आवळायची ताकद आहे. लांब नाकाची पक्कड जवळ ठेवा, हात ओले करून धरा. ती हवेत श्वास घेते म्हणून बराच वेळ तगते, याचा अर्थ गरम दगडावर आपटून व्हिडिओ काढायचा असा नाही. सोडणार असाल तर गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून सपाट करा. गळ लवकर सुटतो. दोरा ढिला पडू दिला नाही तर मासा सहसा जात नाही.

पावसाळ्याचं एक. पाऊस लागला, शिवारात पाणी भरलं की मरळ अंडी घालते. नंतर काही आठवडे पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका एकत्र फिरताना दिसतो, वरचं पाणी रिमझिम पावसासारखं हलत असतं. त्याच्या खाली आई-बाप दोघंही राखणीला असतात. त्या पुंजक्यावर बेडूक टाकला की झडप हमखास येते, कारण ती भूक नसून राग असतो. म्हणून काही जण मुद्दाम तेच करतात. मला ते पटत नाही. मोठी मरळ काढली की ती शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात, आणि पुढच्या वर्षी त्याच तळ्यावर तुम्हीच म्हणणार, मासा राहिला नाही. पिल्लं दिसली की मी दुसऱ्या टोकाला जातो.

परवानगीचं विसरू नका. आपल्याकडचे बहुतेक तलाव मत्स्य खात्याकडून नाहीतर पंचायतीकडून सोसायटीला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात. त्यांनी बीज सोडलेलं असतं, पैसे भरलेले असतात. राकसकोप हा बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जलाशय, तिथं गळ घेऊन घुसायचं नाही. बाकी ठिकाणी आधी काठावरच्या माणसाला विचारा. हुक्केरी-सौंदत्तीकडं गेलात तर "मीन सिगतावेन्री?" (मासे मिळतात का हो?) एवढं कन्नड आलं तरी समोरचा हसून बोलायला लागतो, आणि गवत कुठं आहे, खोल कुठं आहे, कोणाला विचारायचं, सगळं सांगतो.

कमेंटमध्ये एक प्रश्न परत परत येतो: आपल्याकडे बासच आणून सोडला तर? नको. जपानमध्ये 1925 ला 'आशी' नावाच्या सरोवरात हौसेनं सोडला, देशभर पसरला, तिथल्या लहान माशांचा फडशा पाडला, आणि 2005 पासून जिवंत बास पाळणं, नेणं, सोडणं यावर तिथं कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे 1952 ला आणलेल्या चिलापीनं काय केलं ते कुठल्याही धरणावरच्या कोळ्याला विचारा.

राहिला बेडकाचा रंग. दिवसा हिरवा किंवा तपकिरी, अंधारून आल्यावर काळा, कारण खालून बघताना आभाळावर काळी आकृती स्पष्ट दिसते. एवढे दोन पुरेत. तुमच्या रॉडवर आमिषाच्या वजनाचे कोणते आकडे छापलेत ते कमेंटमध्ये टाका, त्याला किती ग्रॅमचा बेडूक बसेल ते मी एकेकाला उत्तर देऊन सांगतो.