हात मिळवून झाले, मतदान बाकी आहे

(कामगार-कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, जुलै २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सच्या वैमानिकांनी एक करार फेटाळला. विरोधात ६५ टक्के मतं पडली, बाजूने ३५. कंपनी तेव्हा भरघोस नफ्यात होती. करारात पगारवाढही होती: आधी ८ टक्के, मग ६, मग दोन वेळा ३. आणि हा करार आणला होता त्यांच्याच युनियनने. वाटाघाटीला बसलेले लोक त्यांच्यातलेच वैमानिक होते. दोन्ही बाजूंचे हात मिळवून झाले होते, फोटो निघाले होते. तरी सभासदांनी सांगितलं, हा नको, परत जा.

मी आज इथे उभा आहे तो या 'परत जा' म्हणण्याच्या हक्काविषयी बोलायला. समोर बँकांतले, विमा कंपन्यांतले, कारखान्यांतले लोक बसले आहेत. आपल्यापैकी किती जणांना आपल्या वेतन करारावर सही होण्याआधी कुणी मत विचारलं आहे, याचा मनाशी विचार करत ऐका.

तिकडची पद्धत अशी. युनियनची समिती कंपनीशी वाटाघाटी करते आणि प्रस्तावित करार आणते. त्याला ते टीए म्हणतात. मग तो वैमानिकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसमोर जातो. त्यांनी पुढे पाठवला की संपूर्ण मसुदा, अगदी शेवटच्या कलमापर्यंत, प्रत्येक सभासदाच्या हातात पडतो. समितीचे लोक गावोगावच्या तळांवर, म्हणजे वैमानिक जिथून कामाला निघतात त्या विमानतळांवर, जाऊन सभा घेतात आणि उलटतपासणीला उभे राहतात. विरोध करणारे प्रतिनिधीही आपलं म्हणणं लेखी मांडतात. काही आठवडे हा वाद झडतो आणि मग गुप्त मतदान होतं.

हे लोक करार इतका बारकाईने का वाचतात? कारण वैमानिकाला नोकरी बदलता येते, पण सेवाज्येष्ठता सोबत नेता येत नाही. कुठलं विमान, कुठला तळ, कुठल्या सुट्ट्या, कॅप्टन कधी होणार, सगळं ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकावर ठरतं. वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला तर तिथल्या यादीत तळाला, काल लागलेल्या पोराच्या खाली. म्हणजे एकदा एका कंपनीत मुरलेल्या माणसाला आयुष्य सुधारायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे करार.

शिवाय त्यांच्या आठवणी कडू होत्या. २००४ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी कंपनी वाचावी म्हणून ३२.५ टक्के पगारकपात मान्य केली. सप्टेंबर २००५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केलीच. २००६ मध्ये आणखी १४ टक्के गेले आणि त्याच वर्षी पेन्शन योजना गुंडाळली गेली. २०१५ मध्ये मतदान करणारा पन्नाशीचा कॅप्टन हे सगळं सोसून आलेला होता. तुम्ही वर्षानुवर्षं कापलेलं अजून पुरतं परत आलेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मला ते शंभर टक्के रास्त वाटतं.

आता मसुद्यात त्यांना काय खटकलं ते पाहू. पगारवाढीचे आकडे पहिल्या पानावर होते. आतल्या पानांवर कंपनीच्या नफ्यातून वैमानिकांना मिळणाऱ्या वाट्याचं सूत्र बदललेलं होतं. म्हणजे वाढीचा एक हिस्सा वैमानिकांच्याच दुसऱ्या खिशातून काढून दिला जाणार होता. आजारपणाच्या रजेची पडताळणी कडक होणार होती. जो माणूस ताप अंगावर काढून दोनशे प्रवाशांचं विमान उडवू नये असं आपल्याला वाटतं, त्याच्याच रजेवर संशय. आणि तिसरी गोष्ट, ७६ आसनी विमानांची. छोट्या मार्गांवरची ही विमानं स्वस्तातल्या प्रादेशिक कंपन्या मुख्य कंपनीच्या नावाने उडवतात. अशी किती विमानं बाहेर द्यायची याची मर्यादा करारात असते. ती सैल झाली की मुख्य कंपनीतल्या जागा हळूहळू बाहेर जातात. आपल्याकडच्या कंत्राटीकरणाचाच हा प्रकार. म्हणूनच या एका कलमावर तिकडचे वैमानिक टक्केवारीपेक्षा जास्त भांडतात.

कलम काय करतं हे एका उदाहरणाने सांगतो, कारण नुसत्या पगारवाढीच्या टक्क्यांवर खूश होण्याची सवय आपल्यालाही आहे. अमेरिकेतल्या वैमानिकाला पगार तासावर मिळतो, आणि तो तास मोजला जातो विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंत. समजा चार दिवसांची फेरी आहे. पहिल्या दिवशी सहा तास उड्डाण. दुसऱ्या दिवशी एकच, सव्वा तासाचं. तिसरा दिवस परगावच्या हॉटेलात. चौथ्या दिवशी पाच तास. झाले सव्वाबारा तास. घरापासून मात्र माणूस चार दिवस दूर आहे. करारात 'प्रत्येक दिवसाला सरासरी किमान सव्वापाच तास धरावेत' अशी ओळ असेल तर त्याच फेरीचे एकवीस तास भरतात. पावणेनऊ तासांचा पगार एका ओळीवर अवलंबून आहे. उलट ती ओळ नसेल आणि तासाचा दर १० टक्क्यांनी वाढवून दिला, तर कागदावर वाढ दिसते आणि हातात काय येतं ते तुम्हीच मोजा. कंपनीला फेऱ्या कशा आखाव्या लागतात, हेही त्या ओळीवरच ठरतं. दिवस रिकामा ठेवला तरी पैसे द्यावेच लागणार असतील, तर कंपनी तो रिकामा ठेवत नाही.

वैमानिकांमध्ये एकमत होतं असं मात्र समजू नका. त्यांच्याकडे ६५ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती आहे. जो ६३ चा आहे त्याला आजची वाढ आज हवी. नाही म्हटलं आणि दोन वर्षं गेली तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. ३५ चा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, पुढची तीस वर्षं त्या कलमांखाली जगणार आहे. दोघांचं मत एकेकच. म्हाताऱ्यांना लोभी आणि तरुणांना उतावीळ म्हणणं सोपं आहे. दोघांचंही गणित खरं असतं, आणि अशा वेळी त्यांना एकमेकांसमोर बसवून बोलायला लावणं हेच युनियनचं काम आहे.

'नाही' म्हटल्यावर काय होतं? तिथे कायदा मध्ये येतो. विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे, १९३६ पासून. त्यात करार संपत नाही. मुदत झाली की तो बदलायला मोकळा होतो, तोवर जुन्याच अटी चालू. संप करायचा तर आधी सरकारी मध्यस्थ मंडळाने वाटाघाटी फिसकटल्याचं सांगून मोकळं करायला हवं, त्यानंतर ३० दिवस थांबायचं, आणि त्यावरही राष्ट्राध्यक्षाला हस्तक्षेप करता येतो. १९९७ च्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाल्यावर काही मिनिटांतच क्लिंटन यांनी थांबवला होता. त्यामुळे नकाराची मुख्य किंमत असते वेळ.

डेल्टाच्या वैमानिकांना ती किंमत परवडली. नव्या विमानांच्या खरेदीचा जो सौदा कंपनीने फेटाळलेल्या कराराशी जोडला होता, तो बारगळला. पण डिसेंबर २०१६ मध्ये दुसरा करार आला. त्यात १८, ३, ४ आणि ३ टक्के, म्हणजे एकूण सुमारे ३० टक्के वाढ, पहिला टप्पा जानेवारी २०१६ पासून लागू. नफ्याचं जुनं सूत्र कायम राहिलं. ८२ टक्क्यांनी तो मान्य केला.

सगळ्यांचं असं होत नाही. डेल्टाच्या नकाराच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, एन्व्हॉय या अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रादेशिक उपकंपनीत ७० टक्के वैमानिकांनी कपातीचा करार फेटाळला. मालकाने नवी विमानं दुसऱ्या प्रादेशिक कंपन्यांकडे वळवली आणि वर्ष उलटायच्या आत त्यांना करार मान्य करावा लागला. फेडएक्सच्या वैमानिकांनी २०२३ मध्ये ५७ टक्क्यांनी नकार दिला. तेव्हा मालवाहतुकीचा महामारीतला बहर ओसरत होता. पुढची दोन वर्षं उलटली तरी त्यांच्या हाती नवा करार नव्हता. युनायटेडच्या वैमानिकांनी मात्र २०२२ मध्ये ९४ टक्क्यांनी नाही म्हटलं आणि वर्षभरात कितीतरी चांगला करार मिळवला, कारण तेव्हा देशभर वैमानिकांचा तुटवडा होता आणि मध्ये डेल्टाने ३४ टक्के वाढीचा नवा भाव काढून ठेवला होता.

हे सांगताना मी नकाराची वकिली करत नाही. एन्व्हॉयच्या वैमानिकांचा निर्णय कदाचित महागात पडला. पण तो त्यांचा होता, कागद हातात घेऊन, परिणाम ऐकून घेतलेला.

आता मुंबईकडे या. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्याआधीच्या दिवाळीत बोनसचा करार झाला होता. तो केला होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाने. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक युनियन म्हणून त्याच संघाला अधिकार दिला होता, आणि त्याची सही सगळ्यांवर बंधनकारक होती. कामगारांना तो करार पसंत नव्हता. पण 'परत जा' म्हणायची सोयच नव्हती. नेता बदलणं आणि गिरणी बंद करणं, एवढंच त्यांच्या हाती होतं. तो संप आजवर अधिकृतपणे मागे घेतला गेलेला नाही. गिरणगावचं काय झालं ते या सभागृहातल्या अनेकांच्या घरात माहीत आहे. मतपेटीने ते सगळं टळलं असतं असा दावा मी करणार नाही, गिरण्यांच्या जमिनीवर आधीपासून डोळे होते. पण अडीच लाख माणसांना नाराजी सांगायला संपाखेरीज दुसरी जागा असायला हवी होती, हे मी ठामपणे म्हणेन.

आपले वैमानिकही त्या हक्कापासून दूरच आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने नव्या अटी एकेका वैमानिकाकडे थेट सहीसाठी पाठवल्या. हमीच्या उड्डाण भत्त्याचे तास ७० वरून ४० वर आणणाऱ्या त्या अटींवर सही करू नका, असं वैमानिकांच्या दोन्ही संघटनांनी सांगितलं. पण ज्याच्या समोर कागद आहे तो एकटा असतो. सामूहिक मतदानात ज्येष्ठ आणि कनिष्ठ एकाच दिवशी एकाच मसुद्यावर बोलतात. इथे प्रत्येकाला शेजाऱ्याने सही केली का, याची चिंता.

आणि बँकवाल्यांनो, तुमचा बारावा द्विपक्षीय करार, म्हणजे बँक युनियन आणि बँकांच्या संघटनेतला वेतन करार, आठवा. ७ डिसेंबर २०२३ ला सामंजस्य करार झाला, १७ टक्के वाढ ठरली. अंतिम सही झाली ८ मार्च २०२४ ला. मध्ये तीन महिने होते. तिकडे एवढ्या वेळात मसुदा छापून, सभा घेऊन, मतदान मोजून होतं. आपल्याकडे पाच दिवसांच्या आठवड्यासारखा प्रश्न सरकारच्या मंजुरीवर सोडून सह्या झाल्या, आणि हे चालेल का, असं मतपेटीतून कुणी विचारलं नाही. कदाचित तुम्ही होच म्हटलं असतं. त्या होकाराचा पुढच्या वाटाघाटीत नेत्यांनाच आधार झाला असता.

पुढचा करार १ नोव्हेंबर २०२७ पासून लागू व्हायचा आहे. मागणीपत्रांची चर्चा त्याआधीच सुरू होईल. कराराचा पूर्ण मसुदा सहीआधी सभासदांना द्यावा आणि त्यावर गुप्त मतदान घ्यावं, असा ठराव तुमच्या शाखेच्या सर्वसाधारण सभेत कुणीही सभासद मांडू शकतो. त्यासाठी ना सरकारची परवानगी लागते, ना बँकेची.