गाळाने घडवलेलं अभयारण्य

[दृश्य: पावसाळा. बंधाऱ्यावरून कोसळणारं गढूळ पाणी.]

नांदूर मध्यमेश्वर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते बातम्यांत. गोदावरीला पूर आला, नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके इतके क्युसेक विसर्ग सुरू. नाव कानावरून जातं आणि आपण पुढची बातमी ऐकतो.

[दृश्य: डिसेंबर. पहाट. चापडगावचा निरीक्षण मनोरा. धुक्यातून येणारे आवाज.]

तेच ठिकाण, चार महिन्यांनंतर. निफाड तालुक्यातलं चापडगाव. अजून काही दिसत नाही, पण ऐकू भरपूर येतंय. कुणी शीळ घालतंय, कुणी कर्कश ओरडतंय. मधूनच शेकडो पंख एकदम पाण्यावर आपटल्याचा आवाज येतो. सोबतचा गाइड इथलाच, गावातला. दुर्बीण स्टँडवर लावता लावता तो म्हणतो, "घाई करू नका सर. धुकं उठलं की तेच दिसतील."

आणि धुकं उठतं.

[दृश्य: पाणथळीचा विस्तार. पाण्यात उभी झाडं, गवताची बेटं.]

समोर दिसतंय ते निसर्गाने आपणहून केलेलं नाही. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे इंग्रजांच्या काळात एक बंधारा बांधला गेला. हेतू साधा होता, पाणी अडवायचं आणि कालव्यांनी पार कोपरगाव-राहात्यापर्यंतच्या शेतीला द्यायचं. कालवे आजही वाहतात. पण नद्या नुसतं पाणी आणत नाहीत. दर पावसाळ्यात माती आली, बंधाऱ्यामागे बसत गेली. पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, त्यावर पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे निव्वळ नुकसान. साठा घटला.

त्या नुकसानीवर हे सगळं उभं आहे.

[दृश्य: जवळून. शेपटी वर, डोकं पाण्यात असलेली बदकं.]

थापट्या बदक बघा, फावड्यासारखी चोच पाण्यावरून फिरवत गाळून खाणारं. पलीकडचं तलवार बदक बुडी मारत नाही. शेपटी आभाळाकडे करायची आणि मान पोचेल तिथलं खायचं. मान किती पोचणार? वीतभर, फार तर हातभर. म्हणजे पाणी खोल असेल तर जेवण नाही. शेकाट्याचे पाय काडीसारखे लांब, तरी त्यालाही चिखल पायाखाली लागतो. खोल, स्वच्छ, निळंशार धरण आपल्याला सुंदर वाटतं. यातल्या बहुतेकांना त्याचा काही उपयोग नाही.

गाइड दुर्बीण वळवतो. "हे ओळखा." करड्या-तपकिरी रंगाचं बदक, पहिल्या नजरेत अगदीच साधं. "चोच बघा." टोकाला पिवळी, मुळाशी लाल ठिपके. नाव हळदीकुंकू. आणि ते काळे, कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखे, कायम घोळक्याने फिरणारे? वारकरी. ही नावं ज्यांनी कुणी ठेवली, त्यांनी पक्षी नीट पाहिले होते, एवढं नक्की.

[दृश्य: दलदल हारिण पाण्यावरून खालून जातो. वारकऱ्यांचा थवा एकत्र गोळा होतो.]

हा शिकारी पक्षी. दलदल हारिण. गवतावरून अगदी खालून, जणू काही हरवलंय ते शोधत फिरतो. तो दिसला की पांगलेले वारकरी क्षणात एकमेकांना चिकटतात. एकटा राहिला तो गेला.

[दृश्य: पट्टेरी राजहंसांचा थवा उतरताना.]

डोक्यावर दोन काळे पट्टे. हे राजहंस तिबेट-लडाखकडच्या तळ्यांवर वीण करतात आणि हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतात. आपला पूर्वज बंधारा बांधत असताना यांचे पूर्वज कुठे उतरत होते, हा प्रश्न मला इथे आल्यावर दर वेळी पडतो.

1986 मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ, हीच, 1,437 हेक्टरची. नोंद झालेल्या जीवजाती 536. त्यात देवळालीचं नाव लावणारा एक छोटासा मासाही आहे, आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. पक्ष्यांपुढे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या कॅमेऱ्याचंही गेलं नाही.

[दृश्य: जलपर्णीचा हिरवा गालिचा.]

दुरून हिरवळ वाटते, ती जलपर्णी. वरच्या अंगाने येणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते, पसरते आणि खालचं पाणी झाकून टाकते. थापट्याला तिथे चोच घालायलाही जागा उरत नाही. आणि गाळही थांबलेला नाही. थोडा गाळ आला म्हणून पाणथळ झाली; येतच राहिला तर एक दिवस इथे नुसतं गवताचं रान असेल. सगळा काढावा, तर पाणी खोल होईल आणि बदकं जातील. किती काढायचा, कुठला ठेवायचा? कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा, तो एक सांगेल. मनोऱ्यावरचा हा मुलगा दुसरं सांगेल. दोघांचंही पोट याच पाण्यावर आहे.

[दृश्य: दुपार. काठाची पातळी हळूहळू चढते.]

दुपारी गाइडने काठावरच्या दगडाकडे बोट केलं. सकाळी कोरडा होता, आता निम्मा पाण्यात. "वरून आवर्तन सुटलंय." धरणातलं पाणी शेतीसाठी निघालं होतं आणि वाटेत इथली पातळी चढवत होतं. सकाळी ज्या चिखलात शेकाटे चरत होते, तो चिखल बुडायला लागला.

ते ओरडले नाहीत, उडाले नाहीत. पाणी पोटाला लागेपर्यंत खात राहिले. मग एकेक करून, लांब पाय उचलत, पलीकडच्या उथळीकडे चालत गेले.

[दृश्य: रिकामा काठ. पाणी.]