आधी बूड बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'नागपुरातली समकालीन चित्रं आणि सिरॅमिक्सची प्रदर्शनं : काही निरीक्षणं' असा छापलाय. निरीक्षणं 'काही'च आहेत, घाबरू नका. मला चाळीस मिनिटं सांगितली होती, त्यातली पंधरा सत्कारात गेली. शाल मात्र छान आहे. मे महिन्यात नागपुरात शाल देणाऱ्या माणसाची विनोदबुद्धी मला आवडते.

माठापासून सुरुवात करू. इथे कोणी टिचकी न मारता माठ विकत घेतलाय? हात वर करा. एकही नाही. टिचकी मारायची, कान लावायचा, 'टण्ण' आलं तर पुढे भाव करायचा. 'भद्द' आलं की दुसरा. म्हणजे मातीची भांडी पारखायला आपण हात आणि कान वापरतो, डोळा शेवटी.

आता किस्सा. दालनाचं नाव सांगत नाही, पुढच्या वर्षी तिथेच तारीख मागायची आहे. चित्रं भिंतीवर, मधे पांढऱ्या ठोकळ्यांवर सिरॅमिक्स, म्हणजे भट्टीत भाजलेली मातीची भांडी. एक आजी आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. चित्रांपुढून दोन मिनिटांत निघाल्या. एका मोठ्या करड्या-हिरव्या बरणीपाशी मात्र थांबल्या. पिशवी खाली ठेवली आणि ठोकळ्यावरून बरणी सरळ उचलून घागरीसारखी कमरेवर घेतली. टिचकी मारली. टण्ण!

"ओ मावशी, हात नका लावू!" पहारेकरी धावला. मी धावलो. चित्रकार मोबाइलवर होता, तो नाही धावला. आजींनी शांतपणे बरणी उलटी केली, बूड बघितलं आणि मला विचारलं, "काहो, पाझरते का हे?" म्हटलं, "नाही आजी." "मंग पाणी थंड कसं होईन?"

मंडळी, मी बरीच वर्षं प्रदर्शनांवर लिहितोय. 'अवकाशाचं भान', 'मातीशी संवाद', सगळं लिहून झालंय. हा प्रश्न मला कधी सुचला नाही. आणि त्यात अख्खं सिरॅमिक्स आहे बरं का. माठ आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, बेताच्या आचेवर भाजतात, म्हणून त्याला बारीक छिद्रं राहतात. पाणी बाहेर येतं, वाफ होतं, जाताना उष्णता घेऊन जातं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालतं. ती बरणी स्टोनवेअरची, बाराशे अंशांच्या पुढे भाजलेली. तिथे माती जवळजवळ दगड होते आणि वरचा ग्लेझ म्हणजे काचच. तिला घाम येत नाही. दोन्ही मातीच, पण एकीला घाम येतो, दुसरीला येत नाही. पहारेकऱ्याची चूक नव्हती, 'स्पर्श करू नये' अशी पाटीच होती. माझं भांडण पाटीशी आहे.

आणि बुडाशी आहे. हसा, हसा. शाळेत चित्रकला शिकवताना हा शब्द उच्चारला की सातवी 'ब' पंधरा मिनिटं आटोक्यात येत नसे, तुमचं तरी लवकर आटोपलं. पण खरंच, भांड्याचं बूड हा त्याचा बायोडेटा असतो. बुडाच्या कडेला ग्लेझ लावत नाहीत, कारण तो वितळून भट्टीच्या फळीला चिकटतो. म्हणून मातीचा खरा रंग तिथेच दिसतो. चाकावरून तारेनं कापलं असेल तर शिंपल्यासारख्या रेघा दिसतात. ग्लेझमध्ये बुडवताना कुठे धरलं, ती बोटं कधी कधी दिसतात. करणाऱ्याचा ठसाही तिथेच. आणि आपण हे सगळं ठोकळ्यावर पालथं दाबून ठेवतो आणि वर कॅटलॉगमध्ये लिहितो. बिनबुडाचं लिहिणं म्हणतात ते हेच.

आपल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, जाऊन बघा. गणपतीच्या आधी महिनाभर तिथे ओल्या मातीच्या वासात लोक उभे असतात, मूर्तीच्या पाठीकडूनही बघतात. वरोऱ्याच्या पुढे भद्रावतीला, कुंभारकाम चालतं त्या ग्रामोदय संघात, गेलात तर चाकाशेजारी बसता येतं. मग तीच माती शहरातल्या दालनात आली की आपण पाहुण्यासारखं हात मागे बांधून का उभे राहतो?

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' वाचतोय हो.

तर, मुख्य विषय. समकालीन चित्रं. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ इथल्या कलाशाळेत शिकले, हे आपण प्रत्येक उद्घाटनात सांगतो. आज मीही सांगितलं, झालं. प्रश्न असा की चित्रं आणि सिरॅमिक्स एकाच खोलीत का लावायची? जागा रिकामी होती म्हणून, हे एक उत्तर. दुसरं उत्तर रंगात आहे. चित्रकार निळा लावतो तेव्हा त्याला निळा दिसतो, चुकला तर पुसतो. कुंभार कोबाल्ट ऑक्साइड लावतो ते काळं असतं, निळं होतं भट्टीत. तांबं हा धातू ग्लेझमध्ये असेल, तर भट्टीत हवा मिळाली की हिरवं, हवा कोंडली की लाल. तो दार उघडेपर्यंत आंधळा. हे माहीत असलं की शेजारचं चित्रही वेगळं दिसतं. चित्रकारानं कुठे पुसलं, कुठे हिंमत केली, ते आपण शोधायला लागतो.

म्हणून कॅनव्हासचीही कड बघा, बाजूनं. खाली आधी कोणता रंग होता ते तिथे सापडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, रंगात रंग मिसळायला वेळ मिळत नाही. ज्यानं घाई केली त्याचं चित्र घाई केल्यासारखंच दिसतं. उद्घाटनाला जाऊ नका, तिथे फक्त पाठी आणि समोसे दिसतात. मंगळवारी दुपारी जा. आणि प्रत्येक सिरॅमिक प्रदर्शनात एक तरी भांडं 'हात लावा' अशी पाटी लावून ठेवावं, एवढी माझी मागणी आहे. दालनवाले म्हणतात, फुटेल. फुटेल की. म्हणून तर ते कुंभारानंच द्यावं, भट्टीत थोडं वाकडं झालेलं. प्रत्येकाकडे टेबलाखाली खोकंभर असतात.

घंटा वाजली. बाहेर टेबलावर सात भांडी ठेवली आहेत. उचला, वाजवा, उलटी करा. तेवढं निळं जरा जपून, ते उसनं आणलंय.