चौकातला रोहित, खाडीतला रोहित

(दृश्य : पामबीच रस्ता, सकाळची वर्दळ. रस्त्याकडेला एका पायावर उभा असलेला गुलाबी रोहित.)

नवी मुंबईत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला खाडीवर जावंच लागतं असं नाही. तो चौकात उभा असतो, उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर असतो. कुठे फायबरचा, कुठे पत्र्याचा, कुठे भंगारातलं लोखंड जोडून केलेला. 'फ्लेमिंगो सिटी' ही शहराची ओळख लोकांच्या डोळ्यांत भरली ती या शिल्पांमुळे, आणि त्याहून जास्त त्यांच्या रंगामुळे. हाच पक्षी करडा रंगवला असता, तर गाडी थांबवून कुणी फोटो काढला नसता.

शिल्प रंगवणं आपल्याला नवं नाही. वेरूळचं कैलास लेणं आज काळ्या दगडाचं दिसतं, पण एकेकाळी त्यावर गिलावा आणि रंग होता. लोक त्याला रंगमहाल म्हणत. आणि गणपतीची मूर्ती डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय पुरी झाली असं कोणता मूर्तिकार म्हणेल? तेव्हा चौकातल्या रोहिताला रंग का दिला, हा प्रश्नच नाही. कोणता दिला, हे मात्र बघू.

(दृश्य : खाडीतला थवा, दुर्बिणीतून.)

ठाणे खाडीत येणारे रोहित दोन जातींचे. लहान रोहित जास्त गुलाबी, त्याची चोच काळपट लाल. मोठा रोहित दुरून जवळजवळ पांढराच दिसतो. पंख उघडले की आतला लालभडक पट्टा दिसतो. अग्निपंख हे नाव त्याला शोभतं ते त्या क्षणी. बरीचशी शिल्पं मात्र मानेपासून शेपटीपर्यंत एकाच भडक रंगाची. तो रंग जास्त जुळतो कॅरिबियन बेटांवरच्या रोहिताशी, आणि तो काही आपल्या खाडीत येत नाही! मूर्तिकाराला दोष कसा द्यायचा? समोर जो फोटो येतो, त्यावरून तो काम करतो.

शिल्पाला रंग बाहेरून चढतो, पक्ष्याला पोटातून. रोहिताचं पिल्लू करड्या रंगाचं असतं. खाडीतलं शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. गाजराला केशरी करणारी, त्याच कुळातली. चोच उलटी करून रोहित चिखलपाणी गाळतो, ही द्रव्यं पचवतो आणि नवी पिसं येताना ती पिसांत उतरतात. पुरता गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. प्राणिसंग्रहालयात हे अन्न मिळालं नाही, तर तोच पक्षी फिका पडतो.

गंमत पुढेच आहे. स्पेनमधल्या संशोधकांना दिसलं, की मोठा रोहित शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगीत तेल गालानं मानेवर आणि पाठीवर चोळतो. विणीच्या आधी, जोडीदार शोधायच्या दिवसांत, हे रंगकाम जोरात चालतं. उन्हानं तोही रंग विटतो, म्हणून पुन्हा पुन्हा हात मारावा लागतो. शिल्पावरचा रंगही इथल्या उन्हात आणि खाऱ्या हवेत विटतो, पण त्याचे पोपडे पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातात. रंगाचा पोपडा म्हणजे प्लास्टिकचाच बारीक कण. पक्ष्याविषयी जागृती करणाऱ्या शिल्पानं निदान एवढं तरी करू नये.

(दृश्य : ओहोटी. काळपट चिखल, कडेला कांदळवन.)

हा चिखल कुणाच्या पोस्टरवर नसतो. १९९० च्या दशकात रोहित मोठ्या संख्येनं इथे यायला लागले, ते याच चिखलासाठी. पण तो स्वच्छ आहे म्हणून आले, असं समजू नका. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावतं आणि त्या शेवाळावर लहान रोहित पोसतात. म्हणजे हा गुलाबी रंग खाडीच्या निर्मळपणाचा दाखला नाही. सांडपाणी आणखी वाढलं, त्यात कारखान्यांची रसायनं मिसळली, तर हेच ताट विषारी होऊ शकतं. चौकातलं शिल्प तेव्हाही तितकंच गुलाबी असेल!

खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित विसाव्याला नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येतात. या जागा त्या हद्दीबाहेरच्या. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं अडलं होतं, तलाव आटत गेला आणि त्याच सुमारास परिसरात काही रोहित मेले. तिथून थोड्या अंतरावर पामबीच रस्ता, आणि रस्त्यावर गुलाबी शिल्पं झळकत होती.

(दृश्य : कार्यशाळा. फायबरचा साचा, रंगाचे डबे.)

पुढचं शिल्प घडवणाऱ्याला एवढंच सुचवावंसं वाटतं. थव्यात एखादा करडा, अजून रंग न भरलेला रोहित उभा करा. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात असू देत, आणि चबुतऱ्यावर भरतीची रेघ ओढा. चार रंग कमी लागतील. पण 'हा एकटाच असा का?' असं एखादं पोर आईला विचारेल, आणि उत्तर द्यायला आईला शेवाळापासून सुरुवात करावी लागेल.

खरे करडे रोहित बघायचे असतील, तर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात बोट सुटते. भरतीची वेळ आधी विचारून निघा.