झडीच्या दिवसातला ड्रायर

नमस्कार मंडळी. तीन दिवसांपासून झड लागलेली आहे, वऱ्हांड्यातल्या दोरीवर परवाचे कपडे अजून तसेच लोंबत आहेत, पोरांच्या शाळेच्या ड्रेसला कुबट वास मारून राहिला, आणि नेमक्या याच दिवसात माझ्या दुकानात फोन येतो, भाऊ, ड्रायर फिरून नाही राहिला, नुस्ता घूं घूं करून राहिला. एप्रिल-मे मधे हा फोन कोणीच करत नाही. तेव्हा आपल्याकडे 45 डिग्री असतं, जीनची पँट सुद्धा बघता बघता कडक वाळते, ड्रायरला कोणी हात लावत नाही. चार महिने तो कोपऱ्यात पडून राहतो, आतून गंजतो, उंदीर वायरी कुरतडतात, आणि पहिल्या झडीत बटण फिरवलं की बिघाड समजतो. मग घरात एकच बोलणं, द्या भंगारवाल्याला. मी आज तेवढ्यासाठीच इथं आलो आहे, की देऊ नका, आधी बघून तर घ्या.

मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात रिपेरिंग करतो, बावीस वर्षं झाली. आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो म्हणजे दोन टबाच्या सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा छोटा टब. तो कपडे गरम करत नाही, नुस्ता फिरवतो आणि पाणी बाहेर फेकतो. खरा गरम हवेचा ड्रायर वेगळा, तो परदेशात पुष्कळ घरी असतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटा नावाचं राज्य आहे, तिथं थंडी अशी की दोरीवरचे कपडे गोठून फळीसारखे होतात, तिथल्या रॉस मूर नावाच्या माणसाला आपल्या आईचे हाल बघवले नाहीत म्हणून तो अशा यंत्राच्या मागे लागला, आणि त्याच्या डिझाइनवरून 1938 मधे अमेरिकेतल्याच एका कंपनीने ते विकायला काढलं.

तसला एक जुना ड्रायर माझ्याकडे पण आला होता, आमच्या भागातले एक साहेब रिटायर होऊन गावी आले त्यांनी सोबत आणलेला. मोटर चालू, आवाज येतो, पण ड्रम जागचा हलत नव्हता. मागून खोलला तर ड्रमवरचा लांब पट्टा तुटलेला. पट्टा बदलला, ड्रम फिरला, पण हवा थंडच. मग बघितलं तर कपड्याचं जे सूत निघतं, भुसा असतो ना तसा, त्याने हवेची वाट बुजलेली होती, आतलं तापमान वाढलं आणि थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारा फ्यूज, उडाला. हा फ्यूज एकदा उडाला की गेला, नवीनच लावावा लागतो, आणि तार जोडून डायरेक्ट करायचा नाही म्हणजे नाही, कारण ते सूत पेट घेतं. सूत अडवणारी जाळी प्रत्येक वेळी साफ करा हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं.

आता दोन्हीची बरोबरी करून बघा. गरम हवेवाला हीटर 2000 वॅट धरा, तासभर चालला की 2 युनिट. आपला फिरकीवाला 200 वॅटच्या आत, आणि पाच मिनिटं. एका युनिटात तो साठ वेळा तरी चालतो. आणि जोर किती? टबाचा व्यास साधारण 24 सेंटीमीटर, मोटर मिनिटाला 1350 च्या आसपास फेरे मारते, मी वहीवर हिशोब मांडला तर कपड्यातल्या पाण्यावर त्याच्या वजनाच्या दोनशे पटीपेक्षा जास्त ओढ पडते. वरून झाकणवाली फुल ऑटोमॅटिक साधारण 700 फेरे मारते, तिचा टब मोठा आहे तरी तिथं सव्वाशे पटीपर्यंतच जातं. म्हणून ताई लोकं म्हणतात ना, की जुन्या सेमीतले कपडे जास्त कोरडे निघतात, ते अगदी खरं आहे. झडीत हवेतच ओल असते, हवा पाणी ओढत नाही, तेव्हा जेवढं पाणी मशीनमधे निघालं तेवढंच आपलं. पुढे पंख्याखाली टाकले की काम होते.

आता बिघाडाचं. सगळ्यात आधी प्लग काढा, बटण बंद करून चालत नाही, प्लगच काढा. मग झाकण उघडून हाताने टब फिरवून बघा. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो म्हणून तो घट्ट फिरेल, झाकण बंद केल्यावर तो सुटतो, म्हणून मागचं कव्हर काढून झाकण लावा आणि खालून कपलिंग, म्हणजे मोटर आणि टब जोडणारा भाग, हाताने फिरवा. मोकळं फिरते आणि तरी चालू केल्यावर घूं घूं, तर बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा पार्ट, खराब झालेला असतो. शे-दीडशे रुपयाची वस्तू. त्याच्यावर एमएफडी, म्हणजे त्याचं माप, लिहिलेलं असते, ड्रायरचा साधारण 4 ते 6 च्या मधला असतो, जो आकडा आहे तोच लावा. पंख्याचा अडीचचा काढून लावायचा जुगाड मी पुष्कळ ठिकाणी बघितला, मोटर उचलत नाही, तापते आणि शेवटी जळते, मग खर्च हजाराच्या वर जातो. आणि त्या कंडेन्सरच्या टोकांना हात नका लावू, प्लग काढल्यावर सुद्धा त्याच्यात करंट बसून राहतो.

कधीकधी मशीन अगदी चांगली असते. संध्याकाळी गावभर मोटरपंप चालू असतात, एका डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळा लोड, घरात व्होल्टेज 230 च्या जागी 170. आता व्होल्टेज पाऊण झालं म्हणजे मोटरचा जोरही पाऊण असं नाही, तो जवळपास निम्मा होतो. ओले कपडे भरलेला टब उचलत नाही. तेव्हा सकाळी एकदा लावून बघा, सकाळी फिरला तर मेकॅनिकला बोलवायची गरजच नाही.

कपलिंग घट्ट असेल तर ब्रेक बघायचा. झाकणापासून एक बारीक वायर खाली गेलेली असते, झाकण लावलं की ती ब्रेक पट्टी ओढून मोकळी करते, उघडलं की स्प्रिंग ब्रेक दाबते. वायर ढिली झाली तर ब्रेक सुटतच नाही, आणि जास्त ताणली तर ब्रेक लागतच नाही. त्याच झाकणाला एक छोटा स्विच पण असतो, पावसाळ्यात त्याचे पॉइंट गंजतात आणि मग मशीन एकदम गप, आवाजच नाही. पुष्कळ जण तो स्विच डायरेक्ट करून देतात. सुरुवातीच्या वर्षांत मी पण केलं आहे. एका काकूंकडे घाई होती, पार्ट नव्हता, म्हटलं आता जोडून देतो, पुढच्या आठवड्यात लावून देईन. तो आठवडा यायच्या आधी त्यांच्या सहा वर्षाच्या नातीने फिरत्या टबात हात घातला. बोट मोडलं, हात वाचला. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून स्विच नसेल तर मी मशीन चालू करून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. आणि निघायच्या आधी टब पूर्ण जोरात असताना झाकण उघडतो आणि मनात मोजतो, दहाच्या आत थांबलाच पाहिजे.

माझी बहीण दर्यापूरकडे दिलेली आहे, खारपाणपट्ट्यात. तिथं बोअरचं पाणी म्हणजे मीठच. तिची मशीन पत्र्याची होती, खालून पार खाऊन गेली, टबाच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, पांढरा थर, आणि शाफ्टभोवतीचं रबर, ज्याला बेलो म्हणतात, ते चिरलं. बेलो चिरला की पाणी सरळ मोटरवर. मशीनखाली तांबूस पाणी दिसलं, किर्र आवाज आला, की त्याच दिवशी बंद करा. तिला बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत होत्या आणि ती महिनाभर पायात चप्पल घालून कपडे धूत होती, मला सांगितलंच नाही. जाऊन बघितलं तर तीन पिनचा प्लग, तिसरी पिन तोडलेली. अर्थिंग करून दिली, 30 मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावली, मगच मशीनला हात घातला. मला विचाराल तर आमच्या वर्धा बाजूला जुनी पत्र्याची, तांब्याच्या वाइंडिंगची मशीन मिळाली तर सोडू नका, पण दर्यापूर, मूर्तिजापूरकडे प्लास्टिक बॉडीचीच घ्या.

राहिला आपटण्याचा आवाज. तो बहुतेक भरण्याचा असतो. कपडे एका बाजूला, नाहीतर वरची जाळी दाबायची राहिली आणि एखादा मोजा टबाच्या बाहेर गेला. आता पोळा येऊन राहिला, बैलांच्या झुली धुतल्या जातील. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे चार मशीन आल्या, चारही झुलीने स्प्रिंग तुटलेल्या. झूल जाड, तिच्यात पाणी बसते आणि ती एकाच बाजूने गोळा होते. झूल आणि गोधडी ड्रायरमधे टाकू नका दादा, दोघांनी दोन टोकं धरून पिळा आणि गोठ्यातल्या बल्लीवर पसरून ठेवा. चला, येतो मी. नमस्कार.