थोरला: वेल्वाच्या रेक्रेची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

स्पेनचा फुटबॉल म्हटलं की आपल्या तोंडी दोनच नावं येतात, रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. त्यांच्या सामन्यांसाठी आपण रात्री जागतो, गल्लीतली पोरं त्यांचेच शर्ट घालून हिंडतात. आज मी सांगणार आहे ते या दोघांच्याही आधी जन्मलेल्या एका क्लबबद्दल. बार्सिलोनाचा जन्म १८९९चा, माद्रिदचा १९०२चा, आणि या क्लबचा १८८९चा. त्याच्या कपाटात देशपातळीवरचा एकही मोठा चषक नाही. तरी सगळा स्पेन त्याला 'एल देकानो' म्हणतो. देकानो म्हणजे वयाने आणि मानाने सगळ्यांत वडील. आपण घरात 'थोरला' म्हणतो ना, अगदी तसं.

क्लबचं पूर्ण नाव रेआल क्लुब रेक्रेआतिवो दे वेल्वा. गावची माणसं नुसतं 'रेक्रे' म्हणतात. आपणही तेच म्हणू या.

वेल्वा हे स्पेनच्या नैऋत्य कोपऱ्यातलं, पोर्तुगालच्या सीमेजवळचं बंदर. ओदिएल आणि तिंतो या दोन नद्या इथे एकमेकींना भेटून समुद्राला मिळतात. पलीकडच्या पालोस गावातून ३ ऑगस्ट १४९२ रोजी कोलंबसची तीन गलबतं निघाली होती. त्यातल्या तिंतो नदीचं पाणी खरोखरच लाल आहे, दारूच्या रंगाचं. वरच्या डोंगरांत तांब्याच्या, गंधकाच्या खाणी आहेत आणि त्यांचा रंग नदीत उतरतो. स्पेनच्या सरकारने या खाणी १८७३ साली एका ब्रिटिश कंपनीला विकल्या. कंपनीने नाव घेतलं नदीचंच, रिओ तिंतो. आज जगभर खाणी चालवणारी रिओ टिंटो कंपनी ती हीच.

कंपनीने डोंगरातून बंदरापर्यंत रेल्वे टाकली आणि ओदिएलच्या पात्रात लाकूड आणि लोखंडाचा एक लांबलचक धक्का उभा केला. हा धक्का अजून आहे. त्याची रचना मला फार आवडते. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने घरंगळत पुढे यायच्या, जहाजावर माल ओतायच्या आणि रिकाम्या होऊन दुसऱ्या उताराने आपसूक परत फिरायच्या. इंजिनाची गरजच नाही. आता तिथे खनिज येत नाही. संध्याकाळी लोक त्यावर फिरायला जातात, कठड्याला टेकून मावळतीकडे बघत उभे राहतात.

पण ही गोष्ट नुसत्या देखण्या धक्क्याची नाही. वर डोंगरात कंपनी खनिजाचे ढीग उघड्यावर, लाकडांवर रचून महिनोन्महिने जाळत असे. गंधकाचा धूर दरीत उतरायचा. पिकं करपायची, माणसांचे श्वास कोंडायचे. धूर फारच दाटला की काम बंद, आणि त्या दिवशी मजुरीला कात्री. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी खाणकामगार आणि आसपासचे शेतकरी बायकामुलांसह रिओतिंतोच्या चौकात जमले, आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मेलेल्यांचा आकडा आजही वादात आहे. त्या भागात ते साल 'गोळीबाराचं वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं.

रेक्रेचा इतिहास सांगताना लोक थेट १८८९वर येतात. मला मात्र १८८८ ओलांडून पुढे जाववत नाही. डोंगरातल्या त्या चौकानंतर दोन वर्षंही उलटली नव्हती, तेव्हा खाली बंदरात कंपनीचे साहेब खेळायचा क्लब काढत होते. एकाच कंपनीच्या सावलीत या दोन्ही गोष्टी घडल्या.

क्लब काढण्यात पुढाकार होता कंपनीच्या एका डॉक्टरांचा. विल्यम अलेक्झांडर मॅके, स्कॉटलंडचे. माणसाने मोकळ्या हवेत धावावं, खेळावं, त्याने प्रकृती सुधारते, असं त्यांचं ठाम मत. २३ डिसेंबर १८८९ रोजी 'वेल्वा रिक्रिएशन क्लब' स्थापन झाला. नाव इंग्रजी, खेळही इंग्रजांचे: फुटबॉल, क्रिकेट, टेनिस. पुढे वेल्वाच्या लोकांनी त्या इंग्रजी नावाचं रेक्रेआतिवो करून घेतलं. शर्टावरचे निळे-पांढरे उभे पट्टे आजही तसेच आहेत.

तिकडे सेवियामध्येही १८९०च्या जानेवारीत असाच एक क्लब निघाला. पुढे युरोप गाजवलेला सेविया क्लब तो हाच. त्यांनी वेल्वाला सामन्याचं आमंत्रण धाडलं. ८ मार्च १८९० रोजी सेवियाच्या ताब्लादा इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन्ही संघ उतरले. दोन क्लबांमध्ये नियमांनुसार खेळला गेलेला स्पेनमधला हा पहिला सामना मानतात. सेवियाने २-० असा जिंकला. म्हणजे थोरल्याची सुरुवातच पराभवाने झाली. वेल्वाच्या त्या अकरा जणांची यादी वाचताना माझं बोट दोन नावांवर थांबतं: कोतो आणि दुक्लोस. बाकी यादी सगळी इंग्रजी, हे दोघे तेवढे स्पॅनिश. १८९२ साली क्लबने वेलोद्रोमो नावाचं स्वतःचं मैदान बांधलं, आणि पुढच्या काळात कोतो-दुक्लोससारखी नावं वाढत गेली, इंग्रजी नावं विरत गेली. साहेबांचा क्लब गावाचा झाला तो असा, हळूहळू.

त्यानंतरची कित्येक दशकं खालच्या श्रेणींतच गेली. पहिल्या श्रेणीत पोचायला १९७८ साल उजाडलं, आणि एका हंगामातच संघ तळाला राहून खाली आला. दुसऱ्यांदा वर गेला तो २००२ साली. तो हंगामही पदावनतीतच संपला, पण त्याच हंगामात रेक्रेने राजाच्या चषकाची, म्हणजे कोपा देल रेची अंतिम फेरी गाठली. २८ जून २००३, एल्चे शहर, समोर मायोर्का. मायोर्काकडे सॅम्युएल एतो होता. त्याने दोन गोल केले आणि सामना ३-० असा गेला. शंभराहून जास्त वर्षांत पहिलीच अंतिम फेरी, आणि हाती काही लागलं नाही.

मग आले मार्सेलिनो गार्सिया तोराल. या प्रशिक्षकाच्या हाताखाली रेक्रेने २००६ साली दुसरी श्रेणी जिंकली आणि पुढच्या हंगामात पहिल्या श्रेणीत आठवा क्रमांक मिळवला. पुढे स्पेनकडून खेळलेला सांती कासोर्ला, तेव्हा कोवळा पोरगा, त्या संघात होता. त्या हंगामातला एक दिवस मी कधीच विसरणार नाही. २० डिसेंबर २००६. रेक्रेचा सामना रेआल माद्रिदशी, त्यांच्याच बेर्नाबेऊ मैदानावर. वेल्वाहून बसगाड्या भरभरून लोक निघाले होते. वाटेत त्यातल्या एका गाडीला अपघात झाला आणि चार जण दगावले. सामना तरीही झाला. सिनामा-पोंगोल, उचे आणि व्हिकेइरा यांनी एकेक गोल केला, आणि रेक्रे ३-० असा जिंकला. एवढा मोठा विजय, आणि त्याच रात्री गावात चार घरांत आकांत. वेल्वाला त्या विजयाची आठवण त्या चौघांशिवाय काढता येत नाही.

२००९ साली संघ पुन्हा खाली उतरला. मग सुरू झाला तो खरा वाईट काळ. कर्ज वाढलं, खेळाडूंचे पगार थकले, कराची देणी साचली. २०१५ साली तिसऱ्या श्रेणीत घसरण झाली. क्लब कायमचा बंद पडतो की काय, अशी वेळ आली. तेव्हा गाव उठलं. निळे-पांढरे शर्ट घालून लोक रस्त्यावर आले, क्लब वाचवण्यासाठी चाहत्यांनी संघटना बांधली. २०१६ साली आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने रेक्रेला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आपण किल्ले, देवळं जपतो, तसा एक फुटबॉल क्लब जपायचा! त्याच वर्षी नगरपालिकेने क्लबचे समभाग सार्वजनिक हितासाठी ताब्यात घेतले. स्पेनमध्ये एवढ्या थराला जाऊन आपला क्लब राखणारी नगरपालिका मला तरी दुसरी माहीत नाही.

वाचला, पण दुखणं संपलं नाही. २०२१ साली श्रेणींची नव्याने मांडणी झाली आणि रेक्रे थेट पाचवीत जाऊन पडला. माद्रिदला त्यांच्याच घरात हरवणारा संघ, आता छोट्या गावांच्या मैदानांवर. नुएवो कोलोम्बिनो हे त्यांचं वीस हजारांवर माणसं बसतील एवढं मैदान, आणि सामने पाचव्या श्रेणीचे. लोक तरीही येत राहिले. २०२२ साली चौथी श्रेणी मिळाली, २०२३ साली तिसरी. २०२५ साली पुन्हा चौथी.

अशा सामन्यांचा निकाल स्पॅनिश वर्तमानपत्रांत आतल्या पानावर, चार ओळींत येतो. पण त्या चार ओळी लिहिणारा वार्ताहर 'रेक्रेआतिवो' हा शब्द दुसऱ्यांदा वापरायचं टाळतो, आणि त्या जागी लिहितो: एल देकानो.