न पाहिलेला शॉट

(दृश्य : कोल्हापूरचा खरी कॉर्नर, सकाळची रहदारी. कॅमेरा हळूहळू तिथल्या कॅमेऱ्याच्या स्मारक-स्तंभाकडे वळतो.)

खरी कॉर्नरला वळताना या कॅमेऱ्याकडं मान वर करून बघणारा एखादाच. पण असा कॅमेरा याच गावात, हातानं घडवला गेला.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना एकच ध्यास लागला : हे आपणही करायचं, आपल्या यंत्रानं करायचं. १९१६ साली आनंदराव वारले. काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून दोन वर्षांत कॅमेरा चालता केला. म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमाची सुरुवातच मुळी दुसऱ्याचा सिनेमा बघून झाली. आणि फाळके? त्यांनाही ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघतानाच पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले होते.

(दृश्य : तालमीतली लाल माती. वस्ताद पोराचा पाय धरून पवित्रा दाखवतोय.)

तालमीत वस्ताद डाव दाखवतो. पठ्ठ्याची उंची वेगळी, वजन वेगळं. तो तोच डाव स्वतःच्या अंगानं मारतो, आणि जिंकला की आधी वस्तादांच्या पाया पडतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही. सिनेमातही असंच. नाव न घेता अख्खा सिनेमा उचलणाऱ्यांची मात्र मला मनापासून चीड येते.

व्ही. शांताराम बाबूरावांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. १९२९ साली सोबत्यांसह ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली आणि १९३२ साली कोल्हापुरातच ‘अयोध्येचा राजा’ केला. गोष्ट फाळक्यांचीच, हरिश्चंद्राची. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, साळुंके नावाच्या पुरुषानं ती भूमिका केली. एकोणीस वर्षांनी त्याच तारामतीच्या जागी दुर्गाबाई खोटे उभ्या राहिल्या. आणि त्या बोलल्या, गायल्या.

(दृश्य : अंधार. फिल्मच्या रिळाचा आवाज.)

आता १९२५ साल. रशियात आयझेन्स्टाइननं ‘बॅटलशिप पोटेमकिन’ केला. ओडेसाच्या पायऱ्या, गोळीबार, आणि घरंगळत जाणारी बाबागाडी. बासष्ट वर्षांनी ब्रायन डी पाल्मानं ‘द अनटचेबल्स’मध्ये ती बाबागाडी शिकागोच्या रेल्वे स्टेशनच्या जिन्यावरनं सोडली. ओळखणाऱ्यांनी तत्क्षणी ओळखली, कारण मूळ दृश्य शाबूत होतं.

त्याच १९२५ साली आपल्या बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ केला. देवादिकांच्या गोष्टींच्या काळात त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. जमीन जाते, माणूस शहर गाठतो, गिरणीत राबतो. तो तरुण शेतकरी होते शांताराम. पुढं १९५३ साली ‘दो बिघा जमीन’मध्ये बलराज साहनी कलकत्त्यात रिक्षा ओढताना दिसले, तेव्हा दिग्दर्शक विमल रॉय यांच्या मनात इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ होता. कोल्हापूरच्या माणसाला मात्र आपला शेतकरीच आठवतो.

आठवतो म्हणायचं, पण बघायचा कुठं? मूक ‘सावकारी पाश’ची प्रत उरलेली नाही. नायट्रेटची फिल्म ती, नासते, भडकन पेटते. कुणाला त्या सिनेमाला मुजरा करायचा झाला, तर समोर आहे काय?

बाबूरावांनी स्वतःच १९३६ साली त्याचा बोलपट केला. स्वतःचाच डाव पुन्हा एकदा, आता आवाजासह. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी त्यातल्या एका शॉटची आठवण लिहून ठेवली आहे. मंद उजेडात, लांबून दिसणारी एक भकास झोपडी. आणि कुत्र्याचं रडणं. बस्स, इतकंच.

(दृश्य : कोल्हापूरजवळच्या वडणग्याचं शिवार. तिन्हीसांजा.)

या माहितीपटासाठी आम्ही तो शॉट घ्यायचं ठरवलं. त्या दोन ओळींच्या आधारानं. उसाच्या कडेला एक खोपट मिळालं. एकच दिवा लावला, बाकी सगळा काळोख राहू दिला. कॅमेरा मागं नेला, आणखी मागं नेला. बाबूरावांनी तो किती लांब ठेवला असेल, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. कुत्रं काही रडेना. रात्री साडेनऊला, आम्ही सामान आवरत असताना, दूर ओढ्यापलीकडं एक रडलं. कॅमेरा तेवढा अजून चालू होता.

(दृश्य : तोच शॉट. झोपडी, दिवा, काळोख. निवेदन थांबतं. कुत्र्याचा आवाज.)